खो मोठ्याने द्यावा लागतो

(पत्राचा सारांश. पत्रलेखिकेची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

पत्रलेखिका ५१ वर्षांच्या आहेत. एका मराठी वाहिनीवर त्या २४ वर्षं संध्याकाळचं खेळाचं बुलेटिन सादर करत आल्या. कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून खो-खो खेळल्या, त्यापुढे खेळणं झालं नाही. गेल्या महिन्यात वरिष्ठांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की लवकरच बुलेटिन २६ वर्षांची एक मुलगी करेल. रील्समुळे ती इन्स्टाग्रामवर लोकांना माहीत आहे. यांना 'क्रीडा सल्लागार' हे पद मिळेल. त्यासाठी पगारी नोकरी सोडून वर्षाचा करार करायचा, पैसे सुमारे एक तृतीयांशाने कमी. नव्या मुलीला तयार करायचं. आणि शेवटच्या दिवशी प्रेक्षकांना सांगायचं, की 'घराकडे लक्ष द्यायचंय म्हणून मीच थांबते आहे.' नवरा म्हणतो, राजीनामा तोंडावर फेक. मुलगी म्हणते, यूट्यूब चॅनल काढ. सासूबाई म्हणतात, पंचवीस वर्षं तरी पुरी कर. बाई विचारतात: 'मी मोठी खेळाडू असते तर ही वेळ आली नसती ना? माझी खुर्ची घेणाऱ्या मुलीला मी का शिकवू? आणि कॅमेरा बंद झाल्यावर मी नक्की कोण उरते?'

प्रिय ताई,

तुमचं पत्र आधी रात्री वाचलं आणि मग सकाळी पुन्हा. दुसऱ्या वाचनात एक गोष्ट लक्षात आली. पैसे कमी होणार हे तुम्ही एका ओळीत लिहून टाकलंय. 'मीच थांबते आहे' हे वाक्य मात्र साडेतीन पानांत चार वेळा आलंय, आणि चारही वेळा अवतरणचिन्हांत, चिमट्यात धरल्यासारखं. म्हणून तिथूनच सुरू करते.

ते वाक्य म्हणू नका.

बाकी सगळ्यावर दोन्ही बाजूंनी विचार करता येईल, आणि पुढे करूच. यावर मात्र माझं मत पक्कं आहे. २४ वर्षं लोकांनी तुमच्या तोंडून ऐकलेला आकडा खरा मानला. एखाद्या दिवशी चुकीचा स्कोअर गेला तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तो कॅमेऱ्यासमोर दुरुस्त केलात, हे तुम्हीच लिहिलंय. त्याच जागेवरून, त्याच लोकांना, शेवटचं वाक्य खोटं सांगायचं? ते तुम्हाला आयुष्यभर टोचेल. पगारातली कपात वर्षभरात अंगवळणी पडते, हे नाही पडणार.

सू बार्कर हे नाव तुम्हाला नवं नसेल. इतर वाचकांसाठी थोडं सांगते. इंग्लंडची ही टेनिसपटू १९७६ साली फ्रेंच ओपन जिंकली. खेळणं थांबल्यावर टीव्हीत आली, आणि १९९३ पासून बीबीसीच्या विम्बल्डन प्रक्षेपणाची सूत्रं तिच्याकडे होती. शिवाय 'अ क्वेश्चन ऑफ स्पोर्ट' हा प्रश्नमंजुषेचा कार्यक्रम ती सुमारे २४ वर्षं चालवत होती. म्हणजे तुमच्याएवढाच काळ. २०२० मध्ये, ती ६४ वर्षांची असताना, त्या कार्यक्रमावरून तिला काढलं. तिने पुढे स्वतःच सांगितलं, की आपण होऊन सोडतेय असं तिने म्हणावं अशी वरच्यांची इच्छा होती. तिने नकार दिला. कारण तिला तो कार्यक्रम सोडायचा नव्हता.

दोन वर्षांनी, २०२२ मध्ये, तिने विम्बल्डनचं काम ३० वर्षांनंतर थांबवलं. हा निर्णय मात्र तिचा होता. विम्बल्डनच्या मुख्य मैदानाला, सेंटर कोर्टला, शंभर वर्षं झाल्याचा सोहळा त्याच वर्षी झाला. तिथे माजी विजेत्या जॉन मॅकेन्रोने तिच्याबद्दल चार शब्द बोलल्यावर सगळं स्टेडियम उभं राहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हे दोन निरोप नेहमी शेजारी ठेवून पाहते. दुसऱ्या वेळी 'मी थांबते आहे' असं ती म्हणाली तेव्हा कोणालाही शंका आली नाही, कारण पहिल्या वेळी ती ते खोटं बोलली नव्हती.

तुम्ही तर खो-खोच्या मैदानातल्या. पाठीवर नुसता हात ठेवला तर खो होत नाही. हात लावताना 'खो' हा शब्द मोठ्याने, स्पष्ट उच्चारावा लागतो. गुपचूप दिलेला खो पंच फाउल धरतो. तुमच्याकडून नेमका गुपचूप खो मागितला जातोय.

मग म्हणायचं काय? भांडण नको, टोमणाही नको. प्रेक्षकाला केबिनमधल्या गोष्टीत ओढून त्याचा काही फायदा नाही. मला सुचलेलं वाक्य असं: 'उद्यापासून हे बुलेटिन नवी निवेदिका सादर करेल. वाहिनीने हा बदल ठरवला आहे. २४ वर्षं तुम्ही मला घरात घेतलंत, तुमचे आभार.' यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही कडू नाही. हे लिहून वरिष्ठांना ईमेलवर आधी पाठवा. ते म्हणतील, 'वाहिनीने ठरवलं' हे काढा. काढा. 'बदल होतो आहे' एवढं राहिलं तरी चालेल. 'मीच' हा शब्द तेवढा येऊ देऊ नका. शेवटच्या दिवशी बोलूच देणार नसतील तर न बोलता नेहमीचा नमस्कार करून उठा. तेही खोट्यापेक्षा बरं.

आता तुमचा पहिला प्रश्न. मोठी खेळाडू असतात तर? बार्करची गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईवरही हीच वेळ आली. खेळाडू असणं हे कवच आहे, हा समज आपल्याकडे फार खोल रुजलाय, आणि स्टुडिओत माजी क्रिकेटपटूंची रांग बसलेली पाहून तो आणखी पक्का होतो. मी तुमच्या बाजूने दुसरं उदाहरण देते, ते आपल्याच भाषेतल्या माणसाचं. क्रिकेट समालोचक हर्षा भोगले हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाच्या संघातून खेळले, त्यापुढे नाहीत. केमिकल इंजिनिअरिंग केलं, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात नोकरी केली. आणि जगभरच्या कसोटीपटूंच्या शेजारी बसून त्यांनी तीन दशकांहून जास्त काळ माइक सांभाळला. २०१६ साली आयपीएल सुरू व्हायच्या तोंडावर त्यांना कॉमेंट्रीतून वगळलं गेलं. का, ते आपल्याला कोणी सांगितलं नाही, असं त्यांनी तेव्हा उघड लिहिलं होतं. पुढे ते क्रिकबझ या क्रिकेटच्या संकेतस्थळावर दिसू लागले, आणि नंतर आयपीएलच्या कॉमेंट्रीतही परतले.

खेळलेली बाई काढली गेली, न खेळलेला माणूसही काढला गेला. तेव्हा ताई, 'मी खेळले असते तर' ही खंत मनातून काढून टाका. तुम्ही ती २४ वर्षं वागवताय असं पत्रावरून वाटतं. शेजारी माजी रणजीपटू बसला की प्रश्न विचारताना आपला आवाज खाली जातो, हे तुम्ही ओझरतं लिहिलंय. अहो, पण तुमचं काम त्याच्या कामापेक्षा वेगळं होतं. त्याला जे माहीत आहे ते घरी बसलेल्या माणसापर्यंत पोचेल असा प्रश्न शोधायचा, हे तुमचं काम. रिची बेनॉ पुढे ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाचा कर्णधार झाला, तरी हे काम आपोआप येतं असं त्याला वाटलं नाही. १९५६ चा इंग्लंड दौरा संपल्यावर संघ निघाला, आणि हा मागे थांबून बीबीसीत टीव्हीचं प्रशिक्षण घेत बसला. तेव्हा त्याच्या खेळण्याची आणखी सात-आठ वर्षं बाकी होती. हा धंदा वेगळा आहे आणि तो शिकावा लागतो, हे एका कसोटी खेळाडूने मान्य केलं होतं. तुम्ही तो २४ वर्षं केलात आणि अजून स्वतःला पाहुणी समजताय.

वयाबद्दल. 'हे सगळं वयामुळे, आणि बाई आहे म्हणून' असं तुम्ही लिहिलंय. मी ते खोडून काढणार नाही. मी तरुणपणी काही वर्षं एका स्टुडिओच्या कंट्रोल रूममध्ये काढली आहेत. पुरुष निवेदकाचे केस पिकले की 'वजन आलं' म्हणतात आणि बाईच्या डोळ्यांखाली रेघ आली की लाइट वाढवायला सांगतात, हे मी ऐकलेलं आहे. बेनॉ इंग्लंडच्या टीव्हीवर ७४ व्या वर्षापर्यंत बोलला आणि त्याच्या सुरकुत्या कोणी मोजल्या नाहीत. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणायचं.

पण त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट चालू आहे, आणि ती वेगळी काढून पाहायला हवी. एक प्रश्न स्वतःला विचारा: आज २७ वर्षांच्या तुम्ही त्या खुर्चीत असतात, तर ते बुलेटिन आणखी दहा वर्षं चाललं असतं का? मला वाटतं, नाही. तुम्ही सुरुवात केली तेव्हा संध्याकाळी सातला टीव्ही लावल्याशिवाय स्कोअर कळत नव्हता. रात्री उशिरा संपलेल्या मॅचचा निकाल सकाळच्या पेपरात नसायचा. आज विकेट पडली की खिशातला फोन थरथरतो. स्कोअर सांगणारं बुलेटिन आता कोणाला लागतं? म्हणजे तुमची खुर्ची एका मुलीने घेतली असं दिसत असलं, तरी त्या खुर्चीखालची जमीन बरीच आधी सरकलेली आहे. हे कळलं की राग कमी होईलच असं नाही. पण तो योग्य जागी जाईल, आणि पुढचं पाऊल कुठे टाकायचं तेही दिसेल.

कारण स्कोअर संपला तरी समजावून सांगणं संपलेलं नाही. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये कांस्यपदक जिंकलं, त्या दिवसाबद्दल तुम्ही किती आनंदाने लिहिलंय! ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स म्हणजे काय, आधी गुडघ्यावर, मग पोटावर झोपून, मग उभं राहून नेम धरायचा, उभ्याने धरलेला नेम सगळ्यात का डळमळतो, हे तुम्ही पेनस्टँडमधली पट्टी खांद्याला लावून दाखवलंत. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या या मुलाच्या आधी वैयक्तिक ऑलिम्पिक पदक आणणारे महाराष्ट्राचे खाशाबा जाधव, १९५२, हेलसिंकी. ७२ वर्षांचं अंतर. हे तुम्ही कागद न बघता सांगितलंत, कारण खाशाबांचं गाव, गोळेश्वर, तुम्ही पाहून आला होतात. त्या तासाभरात तुमच्या डोळ्यांखाली रेघ आहे की नाही, हे कोणी पाहिलं असेल? हा तास ज्याला करता येतो त्याला काम आहे. त्याच खुर्चीत नसेल, त्याच पगारावर नसेल, पण आहे.

आता ती मुलगी. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख सगळीकडे 'ती रीलवाली' असा केलाय. मला वाटतं, तुम्ही अजून तिच्याशी नीट बोललेला नाहीत. तिला कॅन्टीनमध्ये चहाला बोलवा आणि एकच विचारा: तुझा करार किती महिन्यांचा आहे? उत्तर बहुधा अकरा असेल. जे तुमच्या बाबतीत २४ वर्षांनी झालं ते तिच्या बाबतीत पुढच्या वर्षी होऊ शकतं, आणि ते तिला माहीत असणार. तुमची खुर्ची काढायचा निर्णय घेणाऱ्या खोलीत ती नव्हती.

शिकवावं का? शिकवणं हे काम आहे, आणि कामाचे पैसे मिळतात. 'सल्लागार' या गुळगुळीत शब्दाखाली ते फुकटात जाऊ देऊ नका. आठवड्याला किती तास, किती महिने, त्यानंतर काय, हे लेखी घ्या. एवढं ठरलं की मग हात राखून शिकवू नका. अर्धवट शिकवून ती पडद्यावर अडखळली तर तुम्हाला घटकाभर बरं वाटेल, पण तुमच्या स्वभावाची बाई त्या रात्री झोपणार नाही. आणि तिला जे येत नाही ते शिकवणारं दुसरं कोणी आज तुमच्या ऑफिसात नाही. कानात प्रोड्यूसर 'दहा, नऊ, आठ' मोजत असताना समोरच्या पाहुण्याचं वाक्य कसं पूर्ण होऊ द्यायचं. बाहेरून थेट प्रक्षेपण करणाऱ्या ओबी व्हॅनची लिंक तुटली तर दीड मिनिट काय बोलायचं. गावचं आणि आडनावाचं उच्चारण आधी फोन करून कसं विचारून घ्यायचं. आणि गप्प कधी बसायचं, हे सर्वांत अवघड. २०१२ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात फेडररकडून हरल्यावर अँडी मरेचा कंठ दाटून आला होता, बोलवेना. माइक धरून शेजारी बार्करच उभी होती. तिने घाई केली नाही, दुसरा प्रश्न पुढे ढकलला नाही. त्याला सावरू दिलं. घरी पाहणाऱ्या लोकांना मरे तेव्हा पहिल्यांदा आपला वाटला असेल, तर त्यात त्या थांबण्याचा वाटा आहे. रीलमध्ये तेवढी जागा नसते. ही मुलगी ते कधी शिकलेली नसणार, कारण तिला ते कोणी दाखवलेलंच नाही.

नवऱ्याचा राग मला आवडला. तुमच्यासाठी कोणी एवढं चिडतंय, हे मोठं आहे. पण राजीनामा इतक्यात देऊ नका. त्याचं कारण रोकडं आहे, आणि हा भाग तुमच्यासारख्या सगळ्यांनीच, बँकेत असा नाहीतर छापखान्यात, नीट वाचावा.

पगारी नोकरीवरून वार्षिक करारावर जाणं हा नुसता कागदातला बदल नसतो. तिथे तुमची नोकरी संपते. म्हणजे २४ वर्षांचा हिशेब त्या दिवशी पुरा व्हायला हवा: ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, पीएफ, नोटीस पिरियड. ग्रॅच्युइटीचं साधं सूत्र असं, की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता यांना १५ ने गुणायचं, २६ ने भागायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. मूळ पगार ४० हजार धरला तर २४ वर्षांचे साधारण साडेपाच लाख होतात. आपण होऊन राजीनामा दिला तरी पाच वर्षांहून जास्त नोकरी असल्याने हा हक्क जात नाही. पण सल्लागाराच्या करारावर गेल्यानंतरच्या वर्षांची अशी ग्रॅच्युइटी सहसा साठत नाही, पीएफमध्ये मालकाचा वाटाही थांबतो. तेव्हा पगार 'एक तृतीयांश कमी' असं जे तुम्ही लिहिलंय, ते खरं म्हणजे त्याहून जास्त कमी आहे. कंपनीचा आरोग्य विमा कोणत्या तारखेला संपतो तेही विचारा. सासूबाई त्या पॉलिसीत असतील, तर नवी पॉलिसी हातात आल्याशिवाय कशावरही सही करू नका. त्यांच्या वयाला नवा विमा मिळवणं सोपं नसतं.

करारात 'दुसऱ्या कुठल्याही वाहिनीवर वा माध्यमावर काम करणार नाही' असं कलम असेल. करार चालू असेपर्यंत ते तुम्हाला बांधतं, म्हणून आत्ताच त्याला कात्री लावा: इतर भाषांतल्या, इतर खेळांच्या कॉमेंट्रीला परवानगी मागून घ्या. करार संपल्यानंतरच्या काळासाठी अशी बंदी घातली, तर ती १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. तरीही एका कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलाला सगळे कागद आणि आकडे दाखवा. हजार-दोन हजार वाचवायची ही जागा नव्हे.

मुलीचं यूट्यूब. तिच्या वयाला तो मार्ग सरळ दिसतो, आणि त्यात तथ्यही आहे. मात्र एक धोका सांगते. तुमच्या जुन्या कार्यक्रमांच्या क्लिप उचलून टाकू नका. नोकरीत असताना केलेल्या कामाचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, कंपनीचा असतो. आणि घरच्या खोलीत बसून एकटीने क्रिकेटवर बोललात, तर तुम्ही त्याच गर्दीत उभ्या राहाल जिथे हजार जण आधीच बोलतायत. मी तुमच्या जागी असते तर क्रिकेट सोडून दिलं असतं.

तुमचं मैदान बघा ना. प्रो कबड्डी २०१४ ला सुरू झाली, तेव्हापासून या खेळाला टीव्हीवर पैसा आला, आणि चढाई, पकड, लोण हे शब्द 'रेड' आणि 'टॅकल'च्या गर्दीत मागे गेले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, महिला संघाची प्रियांका इंगळे, दोघंही आपल्याकडचे, आणि दोन्ही संघांनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं. २०२३ ला जिओसिनेमाने आयपीएल बारा भाषांत दाखवलं, त्यात मराठी होती. म्हणजे मराठीत बोलणाऱ्यांची गरज निर्माण झालीय. पण हुतूतू आणि खो-खो खेळून मोठी झालेली, पोल डाइव्ह (खांबाच्या आधाराने मारलेली झेप) आणि स्काय डाइव्ह (हवेत मारलेली झेप) यांतला फरक अंगाने जाणणारी, आणि कॅमेऱ्यासमोर हजारो तास उभी राहिलेली बाई अशी किती जणी आहेत?

लगेच हुरळून जाऊ नका. निवेदन आणि कॉमेंट्री ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्हाला इतकी वर्षं रनडाऊन, म्हणजे बातम्यांचा ठरलेला क्रम, होता, समोर मजकूर दाखवणारा प्रॉम्प्टर होता, पुढे काय येणार ते माहीत होतं. कॉमेंट्रीत पुढचं कोणालाच माहीत नसतं. पैसे दिवसावर किंवा सामन्यावर मिळतात, हंगाम संपला की महिने कोरडे जातात. म्हणून आधी घरी करून पाहा: सामना लावा, टीव्हीचा आवाज बंद करा, फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करत एक पूर्ण डाव बोला. दुसऱ्या दिवशी ऐका. पहिले चार-पाच नको वाटतील. दहाव्यानंतर कळेल, की हे जमतंय की नाही. जमलं तर तुमच्या तालुक्याच्या स्पर्धेत जाऊन माइक मागा, फुकट का होईना. लोक ओळखतील तुम्हाला, त्याचा उपयोग तिथे होऊ द्या.

सगळं मिळून माझा कल सांगते, कारण तुम्ही तो मागितलाय. सल्लागाराचं काम एक वर्ष घ्या, जर तास, पैसे आणि कॉमेंट्रीची मोकळीक लेखी मिळाली तर. नाही मिळाली तर हिशेब चुकता करून बाहेर पडा, आणि त्याआधी सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का ते नवऱ्याबरोबर बसून बघा. सासूबाईंच्या पंचवीस वर्षांना मान द्या, पण आकड्यासाठी थांबू नका. कायदा चोवीसलाही तेवढाच मानतो.

तुमचा तिसरा प्रश्न, कॅमेरा बंद झाल्यावर मी कोण, मी मुद्दाम बाजूला ठेवला होता. त्याचं उत्तर मी पत्रातून देऊ शकणार नाही. पहिले काही आठवडे संध्याकाळी सात वाजता हात आपोआप पदराकडे, माइक लावायला, जाईल. जाऊ द्या. त्या वेळी घरी एकट्या बसू नका, एवढं जपा. झोप उडाली, जेवण जाईना, कोणाशी बोलावंसं वाटेना असं दोन-तीन आठवडे राहिलं, तर समुपदेशकाकडे जा. कामातून अचानक बाजूला होणं हा खरा धक्का असतो, आणि ज्यांचा चेहरा रोज लोकांसमोर असतो त्यांना तो जास्त बसतो.

एक आठवण मात्र सांगते. २००५ च्या सप्टेंबरात लंडनच्या ओव्हलवर ॲशेस या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेचा शेवटचा दिवस होता आणि बेनॉची इंग्लंडच्या टीव्हीवरची शेवटची कॉमेंट्री. तो प्रेक्षकांचा निरोप घेत होता, इतक्या वर्षांचे आभार मानत होता, आणि तेवढ्यात ऑस्ट्रेलियाच्या मॅकग्राने १५८ वर खेळणाऱ्या इंग्लंडच्या पीटरसनला बोल्ड केलं. बेनॉने स्वतःचा निरोप तिथेच थांबवला, विकेट सांगितली, मग उरलेलं वाक्य पूर्ण केलं. तुम्ही कुसाळेच्या दिवशी नेमकं हेच केलं होतंत. कार्यक्रमाच्या सुरुवातीला तुमच्या वीस-बावीस वर्षांच्या कामाबद्दल एक छोटी फीत लावायची ठरली होती, आणि पदक आलं तसं तुम्हीच ती काढायला लावली. पत्रात तुम्ही हे कंसात लिहिलंय, सहज.

शेवटी तुम्ही विचारलंय, ऑफिसच्या कपाटात २४ वर्षांच्या वह्या आहेत, त्यांचं काय करू. नावांचे उच्चार, प्रशिक्षकांचे फोन, कुठल्या तालमीत कोण घडला, कुठल्या मैदानावर पाऊस पडला की पाणी साचतं, सगळं तुमच्या अक्षरात. त्या आधी घरी आणा. उद्याच. एका खेपेत जमणार नाही, नवऱ्याला स्कूटर घेऊन बोलवा.